आखाडा आणि शाळा

(वाराणसी येथे मराठी भाषक शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने काशीत येऊन घाटांवर, विणकरांवर किंवा फार तर गंगेच्या प्रदूषणावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आखाड्यावर बोलणार आहे. त्याला कारण आज पहाटे पाहिलेला एक साधा प्रसंग आहे. शहरातील एका आखाड्यात, त्याचे नाव येथे सांगण्याची गरज नाही, दहा-पंधरा मुले फावड्याने माती उकरत होती. माती उकरणे हाच तेथला पहिला व्यायाम. ती माती पुरेशी भुसभुशीत झाली की मुले जोडीजोडीने उतरतात. एक मुलगा मात्र लंगोट कसून कठड्यावर बसून होता. त्याचे वय बारा-तेरा असेल. चौकशी केली तेव्हा कळले की, तो आदल्या दिवशी शाळेत गेला नव्हता, आणि शाळेच्या गुरुजींकडून निरोप आणल्याखेरीज त्याला मातीत उतरू द्यायचे नाही, असे वस्तादांनी ठरवले होते. या शिक्षेत मार नव्हता, ओरडणे नव्हते. जी गोष्ट त्याला सर्वांत प्रिय, तीच तेवढी थांबवली होती.

मुलांच्या शालेय शिक्षणाला युद्धकलांच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर बरेचसे त्या कठड्यावर बसलेल्या मुलात आहे. उपयोग होतो, पण तो दंडाच्या स्नायूंतून होत नाही. मुलाला ओळखणारा एक वडीलधारा माणूस, रोजची ठरलेली वेळ आणि स्वतःला आवरण्याचा सराव यांतून तो होतो. जेथे हे तीन घटक नसतात, तेथे कराटेचा महागडा वर्गही शाळेच्या दृष्टीने निष्फळ ठरू शकतो. प्रसंगी अपायही करू शकतो. हे विधान मी पुराव्यानिशी मांडण्याचा प्रयत्न करीन.

ओघात एक शब्द सांगते. आपल्या मराठीत ‘जोर’ म्हणजे दंड; ‘जोर-बैठका’ हा जोडशब्द आपण लहानपणापासून ऐकतो. बनारसी आखाड्यात मात्र ‘जोर’ म्हणजे दोघांनी मिळून करायचा कुस्तीचा सराव. शब्द एकच, पण येथे त्यात समोरचा माणूस गृहीत आहे. हा फरक मला पुढे उपयोगी पडणार आहे.

काशीतील मराठी धागा

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते सांगताना आपण गागाभट्टांपासून अहिल्याबाई होळकरांपर्यंत येतो आणि थांबतो. व्यायामाचा धागा त्यात सहसा येत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला राहू लागला. त्याच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले असे मानले जाते, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून ही विद्या उत्तरेतील मराठी वस्त्यांत पसरली. बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा काशीत राहत असे. त्याच्याकडे नोकरीस असलेल्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका हिचा जन्म येथलाच. तिचे जन्मसाल १८२८ की १८३५, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. जन्मस्थान म्हणून भदैनी भागातील जागा दाखवली जाते आणि तेथे तिचे स्मारक आहे. आईच्या मृत्यूनंतर ती बिठूरला गेली आणि पेशव्यांच्या वाड्यात मुलांबरोबर अक्षरे, घोडा आणि तलवार एकाच वेळी शिकली. झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून तिचा पराक्रम आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला त्यातील शिक्षणाचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. लिहिणे-वाचणे एका बाजूला आणि शस्त्रविद्या दुसऱ्या बाजूला अशी विभागणी तिच्या बालपणी नव्हती.

विसाव्या शतकात शिवराम हरी राजगुरू हा खेडचा तरुण संस्कृत शिकण्यासाठी याच शहरात आला. तो काही काळ येथील म्युनिसिपल शाळेत कवायतीचा शिक्षक होता, असे त्याच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत येते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या व्यायामशाळेला ‘शिवाजी हॉल’ हे नाव आहे. त्याआधी दोन वर्षे, १९१४ मध्ये, अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली होती. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालवले. म्हणजे आखाड्याला शिक्षणसंस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र कोल्हापूरचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. त्याच राजाने १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा आदेश काढला, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. कुस्तीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या राजाने तालमीत जाणाऱ्या मुलांना शाळेतून सूट दिली नाही.

पुरावा काय सांगतो?

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘आखाड्यात जाणारी मुले अभ्यासातही नीटनेटकी असतात’ हे वाक्य आपण पालकांकडून ऐकतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे लगेच सावध व्हायला हवे. जे पालक पहाटे पाच वाजता मुलाला उठवून आखाड्यात पाठवतात, ते गृहपाठाकडेही लक्ष देत असणार. मग गुण कोणाचा, आखाड्याचा की पालकांचा? याला आपण निवडीचा दोष म्हणतो. तो टाळायचा तर मुलांची किंवा वर्गांची विभागणी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने करावी लागते. परीक्षेत ‘यादृच्छिक नियंत्रित प्रयोग’ यावर टीप विचारली जाते. तिचा हा चांगला नमुना आहे.

अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या दोन संशोधकांनी २००४ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडी ते पाचवी या इयत्तांतील २०७ मुलांचे वर्ग यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास, दुसऱ्याला तायक्वांदोवर आधारलेले प्रशिक्षण. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या गटातील मुलांचे लक्ष, भावनांवरील ताबा आणि वर्गातील वर्तन अधिक सुधारलेले आढळले, आणि तोंडी हिशेबाच्या चाचणीतही ती पुढे होती. मुलींपेक्षा मुलांना लाभ अधिक झाला. या प्रशिक्षणात मुलांनी स्वतःला वारंवार तीन प्रश्न विचारायचे होते: मी कोठे आहे, मी काय करतो आहे आणि मी काय करायला हवे. हे प्रश्न कुस्तीच्या मातीत जितके लागू, तितकेच गणिताच्या तासाला लागू. मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यकारी क्षमता म्हणतात, म्हणजे मनात आलेली पहिली ऊर्मी रोखणे, सूचना ध्यानात ठेवणे आणि परिस्थिती बदलली की पवित्रा बदलणे, तिचा हा सराव आहे. ॲडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी उपयुक्त ठरलेल्या उपक्रमांचा आढावा घेतला, त्यात पारंपरिक युद्धकलांना स्थान मिळाले ते यामुळेच.

युरोपात पाच देशांतील वीस शाळांमध्ये सात-आठ वर्षांच्या ७२१ मुलांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वर्षभर शारीरिक शिक्षणाच्या तासांऐवजी कराटे शिकवले गेले. अभ्यासातील प्रगतीवर परिणाम आढळला, पण तो लहान होता: प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१६ पट. वर्तनविषयक तक्रारी कमी होण्याचा परिणाम त्याहून मोठा होता. मी ०.१६ हा आकडा मुद्दाम सांगते आहे, कारण कराटे शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिरातींत बुद्धी दुप्पट होण्याची भाषा असते. तसे काही होत नाही. मात्र येथे अर्थशास्त्रातील संधिव्ययाची कल्पना लक्षात घ्यावी. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण सोडून दिलेला सर्वांत चांगला पर्याय. या प्रयोगात कराटेसाठी गणिताचा तास सोडला नव्हता. सोडला होता तो नेहमीच्या कवायतीचा तास. शाळेचा एकही अध्यापनाचा तास न घालवता मिळालेला लहानसा लाभ हा अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने स्वस्त लाभ आहे.

आणि उलट बाजूचा पुरावा? तोही आहे, आणि तो दडवणे बरे नव्हे. नॉर्वेमध्ये एन्ड्रेसेन आणि ओल्वेउस यांनी अकरा ते तेरा वयाच्या मुलांचा मागोवा घेतला. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे आणि पौर्वात्य युद्धकला यांत उतरलेल्या मुलांचे समाजविघातक वर्तन वाढलेले त्यांना आढळले. हा अभ्यास २००५ चा आहे. आता या दोन निष्कर्षांचा मेळ कसा घालायचा? त्याचा धागा ट्रल्सन यांच्या १९८६ च्या एका छोट्या अभ्यासात सापडतो. गुन्हेगारी प्रवृत्ती दिसलेल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो त्याच्या ध्यान, आदर आणि संयमाच्या शिकवणीसह शिकवले. दुसऱ्याला केवळ लढण्याचे तंत्र दिले. तिसऱ्याला इतर व्यायाम. पहिल्या गटातील आक्रमकता उतरली. दुसऱ्या गटातील वाढली. अभ्यास लहान आहे, त्यावर सिद्धांत उभारता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे: तीच लाथ, तोच ठोसा, पण भोवतीची शिस्त काढून घेतली की फळ उलटे येते. बनारसच्या पैलवानांवर १९९२ मध्ये ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनीही आखाड्यात डावपेचांपेक्षा दिनचर्येला, आहाराला आणि संयमाला किती महत्त्व असते, हे विस्ताराने दाखवले आहे. येथल्या वस्तादांना हे ग्रंथाशिवायच माहीत आहे.

गुणपत्रिकेत न दिसणारे भांडवल

आपल्यापैकी बरेच जण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहात, म्हणून मानवी भांडवलाच्या सिद्धांताबद्दल थोडे अधिक बोलते. गॅरी बेकर यांचा ‘ह्यूमन कॅपिटल’ हा ग्रंथ १९६४ चा. शिक्षण ही गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा पुढील उत्पन्नात मिळतो, ही त्यातली मांडणी आता सर्वमान्य आहे. पण शिक्षण म्हणजे नेमके काय, याचे मोजमाप आपण बहुधा परीक्षेतील गुणांवर करतो. जेम्स हेकमन, ज्यांना २००० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांनी या समजुतीला धक्का दिला. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी एक समकक्षता परीक्षा आहे. ती उत्तीर्ण होणाऱ्यांचे चाचण्यांतील गुण, शाळा पुरी करून पुढे महाविद्यालयात न गेलेल्या मुलांइतकेच असतात. तरीही त्यांची कमाई मात्र बरीचशी शाळा सोडलेल्यांच्या पातळीवर राहते. नोकरी टिकवणे, वेळेवर जाणे, कंटाळवाणे काम नेटाने करीत राहणे, या गोष्टींत ते कमी पडतात. बुद्धी सारखी, पण चिकाटीत तफावत. हेकमन यांनी या गुणांना कौशल्याचा दर्जा दिला, आणि कौशल्य म्हटले की ते शिकवता येते, हे ओघाने आले.

आखाडा नेमके हेच शिकवतो. मुलगा रोज त्याच वेळी येतो. त्याला रोज माती उकरावी लागते, मोठ्यांच्या पाया पडावे लागते, आणि मुख्य म्हणजे रोज हरावे लागते. मघाशी म्हटले ते येथे लागू होते: बनारसी ‘जोर’ एकट्याने होत नाही. समोरचा मुलगा आपल्याला पाडतो, आपण उठतो आणि त्याच्याशीच पुन्हा हात मिळवतो. आपल्या शाळांत अपयश वर्षातून एकदा, गुणपत्रिकेच्या रूपाने येते आणि म्हणून ते भयंकर वाटते. आखाड्यात ते दिवसातून दहा वेळा येते, आणि चूक कोठे झाली हे त्याच क्षणी पाठीला कळते. शिक्षणशास्त्रात तात्काळ प्रत्याभरणाबद्दल जे लिहिले जाते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील. आमच्या गावी तालीम होती, आणि माझे दोघे भाऊ तेथे जात. मला उंबऱ्यापर्यंतच मुभा होती. शाळेत दहावीच्या वर्षी आमचा व्यायामाचा तास काढून गणिताला दिला गेला आणि त्याचे पालकांनी कौतुकच केले. त्या जादा तासात अर्धा वर्ग डुलक्या घेत असे. मी पुढे अर्थशास्त्र शिकले तेव्हा घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम समजून घ्यायला मला फार वेळ लागला नाही.

कुस्ती ही सोडत नव्हे

येथे एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. गरीब घरातील मुलासाठी आखाडा ही सरकारी नोकरीची वाट असते. रेल्वे, पोलीस, सैन्यदले यांतील क्रीडा कोटा हे खरे आकर्षण आहे आणि त्यात गैर काहीच नाही. वाराणसी जिल्ह्यात मूळ असलेल्या, मुंबईत दुधाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातील नरसिंग यादव याने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आणि महाराष्ट्र पोलीस दलात पद मिळवले. अशी उदाहरणे डोळ्यांत भरतात. पण जो मुलगा यशस्वी झाला तोच आपल्याला दिसतो. त्याच्याबरोबर शाळा सोडून मातीत उतरलेली, खांदा किंवा गुडघा निखळून घरी परतलेली मुले दिसत नाहीत. शिवाय खुराकाचा खर्च असतो. दूध, तूप, बदाम यांवर घरातील एका मुलासाठी जो पैसा जातो, तो बहिणीच्या वहीपुस्तकांतून वजा होत नाही ना, हे कोणी विचारीत नाही. शाळा सोडून केलेली कुस्ती म्हणजे मालमत्ता विकून काढलेले सोडतीचे तिकीट आहे.

याउलट खाशाबा जाधव यांचे उदाहरण पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्याने कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चाची अडचण होती तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या बॅरिस्टर खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरेही काही दिसते. कुस्तीपटूवर सर्वस्व लावणारा माणूस त्याच्या महाविद्यालयाचा होता. आखाडा आणि शिक्षणसंस्था एकमेकांना ओळखत होत्या, आणि म्हणून खाशाबांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली नाही. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले ते शिक्षण आणि कुस्ती या दोहोंच्या बळावर.

मुलींचा प्रश्न

भदैनीचा उल्लेख मघाशी आला. तुलसी घाट त्याच भागात आहे, आणि तेथील आखाड्याची परंपरा गोस्वामी तुलसीदासांपर्यंत नेली जाते. मणिकर्णिकेच्या जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावरील या आखाड्याची माती मुलींसाठी खुली झाल्याची बातमी २०१७ मध्ये वृत्तपत्रांत आली. नागपंचमीला येथे कुस्ती, जोडी आणि गदा यांची प्रात्यक्षिके होतात. त्यात आता मुलीही दिसतात. आपल्याकडे कोल्हापुरात दांडपट्टा, लाठी यांना सरसकट ‘मर्दानी खेळ’ म्हणतात आणि मुली ते उत्तम खेळतात. नाव बदलावे असा माझा आग्रह नाही.

मुलींच्या बाबतीत शालेय शिक्षणाशी असलेला संबंध अधिक थेट आहे. घर ते शाळा हे अंतर हा शिक्षणाचा एक खर्च असतो आणि भीती हा त्या खर्चाचा भाग असतो. बिहारमध्ये २००६ पासून माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यात आल्या, तेव्हा मुलींची नोंदणी लक्षणीय वाढल्याचे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी दाखवले. दिल्लीतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींचा अभ्यास करताना गिरिजा बोरकर यांना आढळले की, रस्ता सुरक्षित असावा म्हणून मुली कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात. म्हणजे भीतीची किंमत गुणवत्तेत मोजली जाते.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतील ‘रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ हा उपक्रम पाहावा. सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले जाते आणि त्यासाठी शाळेला दरमहा ५,००० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये मिळतात. शाळेत शंभर मुली धरल्या तर मुलीमागे १५० रुपये पडतात. एवढ्या कमी खर्चाची योजना शोधून सापडणार नाही. त्रुटी आहे ती कालावधीची. यंत्राला घसारा असतो, तसा सवयीलाही असतो. तीन महिन्यांत शिकलेला पवित्रा चौथ्या महिन्यात सरावाविना राहिला की वर्षअखेर त्यातून काय उरते? बिठूरला मणिकर्णिका तीन महिन्यांचा वर्ग करून परतली नव्हती. मुलींच्या एका गटाला पुढे रोज अर्धा तास सराव चालू ठेवता यावा, त्यातील मोठ्या मुलींनी धाकट्यांना शिकवावे, इतकी तरतूद याच निधीला थोडी जोड देऊन करता येईल.

दुसरी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. मुलीला बचावाचे डाव शिकवल्याने रस्ता सुरक्षित होत नाही. तो दिव्यांनी, वाहतुकीने आणि पोलिसांच्या गस्तीने होतो. प्रशिक्षणाचा दाखला मुलीच्या हाती देऊन ती जबाबदारी तिच्यावर ढकलली जात असेल, तर तो हिशेब मला मान्य नाही.

कायद्यातील जागा आणि वस्तादाचा दाखला

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशीही तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये क्रीडा-एकात्म अध्यापनाचा पुरस्कार करताना देशी खेळांचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०२१ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत, ज्या प्रत्यक्षात जून २०२२ मध्ये झाल्या, मल्लखांब, गतका, कळरिपयट्टू आणि थांग-ता यांचा समावेश झाला. कागदावर जागा आहे.

अडचण येते ती नेमणुकीच्या वेळी. ज्या वस्तादाकडे पन्नास मुले रोज पहाटे आपणहून येतात, त्याच्याकडे पदवी नसते. ज्याच्याकडे पदवी असते, तो एका शाळेचा तास संपवून दुसरीकडे धावत असतो. माझी सूचना मर्यादित आहे. जेथे शाळेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर चालता आखाडा किंवा तालीम आहे, तेथे वस्तादाला अल्प मुदतीचे प्रशिक्षण द्यावे. दुखापतीवरील प्रथमोपचार, मुलांच्या संरक्षणाचे नियम आणि वयानुरूप व्यायाम एवढे त्यात पुरे. नंतर त्याला अंशकालीन मानधनावर शाळेशी जोडावे. मुलामुलींना मारणार नाही आणि जात-धर्म पाहून कोणाला परत पाठवणार नाही, या दोन अटी लेखी असाव्यात. दुसरी अट मी उगाच घालत नाही. आखाड्यांचा इतिहास या बाबतीत सर्वत्र सारखा उजळ नाही. आणि दोन्हीकडच्या हजेरीपटांची आठवड्यातून एकदा गाठ पडावी. आज पहाटे पाहिलेला निरोप त्या वस्तादाने स्वतःहून मागितला होता. व्यवस्थेने तो मागण्याची सोय केली तर तो प्रसंग अपवाद राहणार नाही. प्रयोग करायचाच तर काही शाळा यादृच्छिक पद्धतीने निवडून करावा, म्हणजे पाच वर्षांनी आपण केवळ आठवणी सांगत बसणार नाही. वर सांगितलेले पुरावे अमेरिकेतले आणि युरोपातले आहेत. बनारसच्या मातीचा पुरावा आपल्यालाच गोळा करावा लागेल.

व्याख्यानाआधी एका पालकांनी मला विचारले की, मुलगी यंदा दहावीला आहे, तिचा ज्युडोचा वर्ग बंद करावा का. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे पाच ते सतरा वयोगटासाठी रोज सरासरी एक तास व्यायाम सांगतात आणि त्यातून दहावीचे वर्ष वगळलेले नाही. मी त्यांना एवढेच सुचवले की, स्पर्धांचे प्रवास या वर्षी टाळावेत, सरावाची वेळ हवी तर अर्धी करावी, पण दिवस चुकवू नयेत आणि निर्णय मुलीला विचारून घ्यावा. त्यांनी तिला अजून विचारले नव्हते. आज घरी गेल्यावर विचारतो म्हणाले.